नव्या कोयत्याचे बारसे

खोडव्याचे बुडखे छाटण्यासाठी आपल्या संघाच्या लोहारशाळेत जो नवा कोयता घडविला जात आहे, त्यास नाव काय द्यावे, हा प्रश्न कार्यकारी मंडळाने सभासदांपुढे ठेवला आहे. त्यावर आलेल्या सर्व सूचना आम्ही लक्षपूर्वक वाचल्या. त्यांत उत्साह भरपूर आहे. आणि ज्या संघाच्या सभासदांना एका कोयत्याच्या नावाविषयी इतके सांगावेसे वाटते, तो संघ जिवंत आहे असे मानावयास हरकत नाही. परंतु कित्येक सूचना वाचून असेही वाटले की, नाव ठेवणे म्हणजे पेढे वाटण्यापूर्वीचा एक उपचार, एवढीच या प्रश्नाची किंमत काहींनी केली आहे. आमचे मत निराळे आहे. अवजाराचा खप, त्याची दुरुस्ती, त्याची नक्कल आणि ते हाती धरणाऱ्याचा मान, या चारही गोष्टींशी नावाचा संबंध पोहोचतो. नाव नीट ठेवले नाही, तर पुढे लोक नावे ठेवतात. सबब या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम वस्तू काय आहे ते ध्यानात घेऊ. ऊस तुटून गेल्यावर फडात जे बुडखे उभे राहतात, ते जमिनीलगत छाटले नाहीत तर वरच्या डोळ्यांतून फुटवे येतात. हे फुटवे दिसावयास लवकर दिसतात; पण त्यांचा पाया कच्चा असतो आणि खोडवा एकसारखा फुटत नाही. बुडखे जमिनीबरोबर छाटले म्हणजे मातीतील डोळ्यांना वाव मिळतो आणि फुटवा जोमदार येतो. ही गोष्ट आता बहुतेक बागायतदारांस ठाऊक आहे. तथापि ठाऊक असणे निराळे आणि होणे निराळे. तोडीच्या टोळ्या फड मोकळा करून पुढे जातात. मागाहून बुडखे छाटण्याचे काम बहुधा गावच्या मजुरांकडून, आणि त्यांतही पुष्कळदा बायकांकडून, करवून घ्यावे लागते. उभा ऊस तोडण्यासाठी घडविलेला नेहमीचा कोयता या कामास सोयीचा नाही. तो जमिनीशी सपाट धरावयाचा तर बोटांची पेरे मातीवर खरवडतात, कंबर मोडते, पाते खड्यावर आदळून धार जाते, आणि घाव तिरपा बसला म्हणजे बुडखा कापला न जाता चिरफळतो. चिरफळलेल्या बुडख्यात पाणी व रोग शिरावयास वाट होते. नव्या कोयत्यात मूठ वर व पाते जमिनीशी समांतर राहील अशी योजना आहे, एवढेच येथे सांगणे पुरे. त्याचे चित्र वा मापे या अंकात आम्ही हेतुपूर्वक दिलेली नाहीत. त्याचे कारण पुढे येईल.

आपल्याकडे मुलाला दोन नावे असतात : एक पाळण्यातले आणि एक हाकेचे. पाळण्यातले नाव आत्या कानात सांगते, ते पत्रिकेत राहते. हाकेचे नाव घर, गल्ली आणि सवंगडी ठरवितात, आणि तेच जन्मभर चालते. अवजारांचेही तसेच आहे. पाळण्यातले नाव कारखानदार किंवा संशोधक ठेवतो. हाकेचे नाव शिवार ठेवते. आपल्या जुन्या अवजारांची नावे पाहावीत. तीन फणांची ती तिफण. तिफण हे नाव कोणा पंडिताने सभा भरवून ठेवले नसेल. ज्याने फण मोजले त्यानेच ते ठेवले. अलीकडच्या काळातही हाच न्याय चाललेला दिसतो. चाकाच्या हातकोळप्याला आपले लोक 'सायकल कोळपे' म्हणू लागले, कारण पुढे सायकलसारखे चाक आणि मागे कोळप्याची पास हे डोळ्यांनी दिसत होते. कडब्याचे बारीक तुकडे करणारे यंत्र आले, त्याची 'कडबाकुट्टी' झाली. नावात कामही आले आणि मालही आला. शिकवावे लागले नाही.

संशोधकांनी ठेवलेली सर्वच नावे शिवाराने टाकून दिली असे मात्र नव्हे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आंबे उतरविण्यासाठी सुधारलेला झेला काढला, त्यास 'नूतन झेला' म्हटले. भातकापणीसाठी सुधारलेला विळा काढला, त्यास 'वैभव विळा' म्हटले. या दोन्ही नावांत एक शहाणपणाची गोष्ट आहे. नवे विशेषण लावले, पण झेला आणि विळा ही लोकांची जुनी नामे जागची हलविली नाहीत. त्यामुळे बागायतदारास वस्तू काय आहे हे पुन्हा विचारावे लागले नाही. तथापि विशेषणांपुरते आमचे मत विचाराल, तर 'वैभव' या शब्दावरून विळ्याला दाते आहेत की नाहीत ते कळत नाही, आणि 'दातेरी विळा' म्हटले की तात्काळ कळते. 'नूतन' या शब्दाची अडचण तर उघडच आहे. कोणतीही वस्तू फार दिवस नूतन राहत नाही. उद्या त्या झेल्याहून सरस झेला निघाला, तर त्यास काय म्हणावे? सुधारित, नवीन, आधुनिक, प्रगत ही सर्व नावे पंचांगासारखी असतात; वर्ष पालटले की भिंतीवरून उतरावी लागतात. आमच्याकडे आलेल्या सूचनांत अशी नावे बरीच आहेत. ती सर्व या एका कारणासाठी बाजूस ठेवावीत, असे आम्हांस वाटते.

दुसरा वर्ग व्यक्तींच्या नावांचा. काही सभासदांनी संघाच्या विद्यमान पदाधिकाऱ्यांचे नाव कोयत्यास द्यावे असे सुचविले आहे. या सूचनेमागील आदरभावाविषयी आम्हांस शंका नाही. पण संघाची निवडणूक ठराविक मुदतीने येते, आणि चांगला कोयता तिच्याहून अधिक टिकतो. शिवाय ज्याचे नाव अवजारास द्यावयाचे त्याच्यावर आपण उपकार करीत आहोत की नाही, याचाही विचार करावा. फडात कोयता बोथटतो, दांडा निखळतो, पाते तुटते. त्या वेळी मजुरांच्या तोंडून 'अमुकराव बोथट झाले' किंवा 'तमुकरावांचा दांडा सैल आहे' असे उद्गार निघणारच; ते थांबविण्याची शक्ती कोणत्याही ठरावात नाही.

येथे कोणी विचारील की, किर्लोस्कर नांगर हे नाव व्यक्तीचेच नव्हे काय? होय, परंतु ते देणगीदाराचे वा अध्यक्षाचे नव्हते, करणाराचे होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत शेतकऱ्यांत होती, आणि पहिला नांगर विकला जावयास सुमारे दोन वर्षे वाट पाहावी लागली. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि ते आडनावच नांगराची खूण झाले. साताऱ्याच्या कूपर कारखान्याचेही नाव असेच त्यांच्या नांगराला चिकटले. या नावांचा अर्थ एवढाच की, नांगर मोडला तर कोणाच्या दारी जावयाचे हे घेणाऱ्यास कळत होते. करणाराचे नाव म्हणजे एक जबाबदारी असते. पुढाऱ्याचे नाव म्हणजे केवळ शोभा. आपला कोयता ज्या लोहाराच्या ऐरणीवर प्रथम उतरला, त्याचे नाव पात्यावर कोरावे, अशी सूचना एकाही पत्रात आली नाही, याचे आम्हांस नवल वाटते. मोटारीच्या जुन्या पाट्याचे पोलाद कोठवर तापवावे, पाणी केव्हा द्यावे आणि धार किती ठेवावी, हे त्या हातांना कळले म्हणून हा कोयता झाला. कोयत्याचे मुख्य नाव जे ठरेल ते ठरो. घडविणाऱ्या लोहाराची खूण पात्याच्या मागील बाजूस असलीच पाहिजे.

तिसरा वर्ग देवादिकांच्या नावांचा. श्रद्धेचा मान ठेवून आम्ही म्हणतो की, कोयता चिखलात पडतो, बांधावर टाकला जातो, त्याला पाय लागतो. त्यावर देवाचे नाव कोरून आपण देवाचा मान वाढवीत नाही. खंडेनवमीस आपण अवजारे धुऊन पुसून मांडतो आणि कोयत्याला हळदकुंकू वाहतो. त्या दिवशी तो पूज्य असतो, आणि तरीही त्याचे नाव कोयता हेच असते. व्यवहाराच्या दृष्टीनेही या नावांत अर्थ नाही. अगरबत्तीसाठी 'रामायण' या नावावर एकट्याचा हक्क सांगणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या प्रकरणात, धर्मग्रंथाच्या नावावर असा हक्क कोणासही सांगता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. जे नाव सर्वांचेच आहे, ते आपल्या मालाची खूण म्हणून राखता येत नाही.

चौथा वर्ग युद्धाच्या नावांचा आहे, आणि तो आम्हांस सर्वांत अधिक गैर वाटतो. खड्ग, वज्र, तलवार, रणवीर अशी नावे तरुण सभासदांनी सुचविली आहेत. त्यांना आमचे सांगणे असे की, १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राची व्याख्या करताना केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी केलेल्या वस्तू वगळल्या आहेत. शेतकऱ्याच्या सायकलीला अडकविलेला कोयता हा शस्त्र नसून अवजार आहे, असे जे आपण निर्धास्तपणे म्हणतो ते याच भेदाच्या जोरावर. त्या कोयत्यावर आपणच 'खड्ग' असे कोरावे आणि मग नाक्यावरच्या शिपायास हे शेतीचे अवजार आहे म्हणून पटवीत बसावे, हा कोठला शहाणपणा? गेल्या काही वर्षांत पुण्याच्या वृत्तपत्रांतून 'कोयता गँग' हा शब्द वारंवार छापून येत आहे. ज्या शब्दाने आपल्या शेजाऱ्याला ऊस, नारळ आणि चारा आठवत असे, त्याच शब्दाने शहरातील माणसास आता मारामारी आठवते. अशा काळात आपल्या अवजाराला लढाईचे नाव देणे म्हणजे त्या बदनामीवर आपल्या हाताने शिक्का मारणे होय.

इंग्रजी नावांविषयी आमचा सोवळेपणाचा आग्रह नाही. इंजिन, पंप, ट्रॅक्टर हे शब्द ज्या वस्तूंबरोबर आले त्यांच्यासह आपल्या घरचे झाले; ते बदलू पाहणे व्यर्थ आहे. परंतु हा कोयता बोटीतून उतरलेला नाही. आपल्या लोहाराने आपल्या फडासाठी केलेल्या वस्तूला 'केन मास्टर' किंवा 'सुपर कटर' म्हणावयाचे, ते केवळ दुकानाच्या फळीवर ती परकी दिसावी म्हणून. परकी दिसल्याने किंमत वाढते, असा व्यापाऱ्यांचा अनुभव असेल. पण परकी दिसल्याने शेजारच्या गावचा लोहार तिची दुरुस्ती करावयास कचरतो, हाही अनुभव आहे.

एक सूचना मात्र इतकी चतुर आहे की तिचा स्वतंत्र उल्लेख करणे भाग आहे. 'खोडमोड' असे नाव एका सभासदाने सुचविले आहे. खोड मोडणे या वाक्प्रचाराशी त्याचा खेळ जमतो, आणि ऐकणारा हसतो. परंतु नाव हसवून गेले तरी खोटे बोलते. या कोयत्याचे सारे मर्म असे की, त्याने खोड मोडू नये, कापावे. मोडलेला बुडखा कुजतो, कापलेला फुटतो. मजुराने नावावर विश्वास ठेवून बुडख्यावर घाव आपटला, तर नव्या अवजाराने जुनेच नुकसान होईल. अवजाराच्या नावात त्याची रीत चुकीची सांगितली जाऊ नये, हा नियम या निमित्ताने आम्ही मांडून ठेवतो. 'बुडछाट' या दुसऱ्या सूचनेत रीत बरोबर आहे. पण बूड या शब्दाचा दुसरा अर्थ गावात सर्वांस ठाऊक आहे, आणि हे काम करणाऱ्यांत बायका अधिक. दुकानदारापुढे उभे राहून आपल्या सुनांना जे नाव उच्चारण्याचा संकोच वाटेल, ते नाव नको.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. 'कोयता' हे नामच सोडून द्यावे, असे काही विचारी सभासदांचे म्हणणे आहे, आणि त्यामागील कारण क्षुल्लक नाही. साखर कारखान्यांच्या व्यवहारात कोयता हा शब्द आज केवळ अवजाराचा राहिलेला नाही. तोडीस येणारे नवरा-बायकोचे जोडपे म्हणजे 'एक कोयता', असा हिशोब मुकादमाच्या वहीत चालतो. इतक्या कोयत्यांची टोळी, इतक्या कोयत्यांची उचल, असे बोलले जाते. एकटा गडी आला तर तो 'अर्धा कोयता'. बीड, अहिल्यानगर, जालना येथून घरदार उचलून येणाऱ्या माणसांची गणती त्यांच्या हातातील लोखंडावरून व्हावी, ही भाषा कानाला सवयीची झाली असली तरी ती बरी नव्हे. या हिशोबात बायकोचे नाव तर कोठेच उरत नाही. तिचे श्रम नवऱ्याच्या कोयत्यात जमा होतात.

हे सर्व मान्य करूनही आमचे मत असे आहे की, शब्द सोडू नये. दोष शब्दाचा नाही, तो जेथे लावला त्या जागेचा आहे. कोयता हे अवजाराचे नाव आहे. ते अवजारास राहू द्यावे आणि माणसांवरून काढून घ्यावे. नव्या कोयत्याच्या नावाचा ठराव ज्या सभेत होईल, त्याच सभेत दुसराही एक ठराव व्हावा अशी आमची सूचना आहे : संघाच्या वहीत व पत्रव्यवहारात मजुरांची संख्या कोयत्यांत लिहिली जाऊ नये; पुरुषाचे नाव पुरुषाच्या रकान्यात आणि स्त्रीचे नाव स्त्रीच्या रकान्यात लिहावे. यास खर्च काही नाही, केवळ शाईचा. अवजाराला नाव देण्यासाठी आपण एवढा खल करतो, तर ते चालविणाऱ्या माणसांना त्यांची स्वतःची नावे आहेत, एवढे तरी आपल्या वहीस कळावे.

नाव निवडल्यावर ते राखावयाचे कसे, हा पुढचा प्रश्न. याविषयी परदेशातील चाकू-सुऱ्यांचा इतिहास फार उद्बोधक आहे. फ्रान्सच्या दक्षिणेकडील डोंगराळ मुलुखात लागियोल नावाचे एक लहान गाव आहे. तेथील शेतकरी व गुराखी वापरीत असलेला मिटता चाकू एकोणिसाव्या शतकापासून त्या गावाच्या नावाने ओळखला जाऊ लागला. गावाने ते नाव आपल्या नावे कधी नोंदविले नाही. १९९३ मध्ये पॅरिसकडील एका व्यापाऱ्याने ते नानाविध वस्तूंसाठी स्वतःच्या नावे नोंदविले, आणि परदेशातून आणविलेला मालही त्या नावाने विकला जाऊ लागला. गाव न्यायालयात गेले. २०१२ मध्ये प्रथम निकाल विरुद्ध गेला, तेव्हा गावकऱ्यांनी निषेध म्हणून आपल्याच गावाच्या नावाची पाटी उतरविली. आपल्या गावचे नाव आपणांस आपल्या मालावर घालता येत नाही, ही स्थिती किती विलक्षण! पुढे वरच्या न्यायालयांत गावाच्या बाजूने निकाल झाले खरे. पण त्यास पाव शतकाचा काळ लागला.

याउलट ज्यांनी आधीच तजवीज केली त्यांचे पाहावे. इंग्लंडात शेफील्डच्या सुरीकारांचा संघ १६२४ मध्ये कायद्याने स्थापन झाला आणि कारागिरांच्या खुणा नोंदविण्याचे काम त्याने केले. जर्मनीतील झोलिंगेन या गावाचे नाव कोणत्या मालावर घालता येईल, यासंबंधी १९३८ मध्ये कायदा झाला. सव्वॉय प्रांतातील ओपिनेल घराण्याची रीत आम्हांस विशेष आवडते. त्या शेतकरी चाकूला १८९० च्या सुमारास आरंभ झाला. १८९७ मध्ये त्याची १ ते १२ अशी मापे ठरली. आणि १९०९ मध्ये मुकुटधारी हाताचे चिन्ह खूण म्हणून घेण्यात आले. गिऱ्हाईक दुकानात जाऊन 'आठ नंबर द्या' म्हणते, आणि पात्यावरचा हात पाहून माल खरा असल्याची खात्री करून घेते. मापाचा क्रमांक बोलावयास आणि चिन्ह ओळखावयास, अशी ही वाटणी आहे.

आमचा प्रस्ताव याच धर्तीचा आहे. नाव सर्वांचे असावे, शिक्का मात्र संघाचा असावा. आपल्या १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याप्रमाणे, जो शब्द केवळ मालाचा प्रकार किंवा उपयोग सांगतो तो सहसा चिन्ह म्हणून नोंदविता येत नाही. हे ऐकून काही सभासद म्हणतात की, मग काम सांगणारे नाव घेऊच नये. काहीतरी अर्थहीन वा अद्भुत नाव घ्यावे म्हणजे ते आपल्या एकट्याचे राहील. ही विचारसरणी व्यापाऱ्याची आहे, शेतकरी संघाची नव्हे. आपल्या नावाचा उपयोग इतर गावांनी करू नये, अशी आपली इच्छा आहे काय? चाळीस कोसांवरच्या लोहाराने हा कोयता पाहून तसाच घडविला, आणि त्यामुळे तेथील खोडवा सुधारला, तर आपले गेले काय? जे जाऊ नये ते एवढेच की, कच्च्या पोलादाचे, पाणी न दिलेले पाते आपल्या संघाचे म्हणून कोणी विकू नये. त्यासाठी शिक्का पुरेसा आहे. त्याच कायद्यात संघसंस्थांसाठी सामुदायिक चिन्हाची तरतूद आहे. तशा चिन्हाची नोंदणी हातअवजारांच्या वर्गात करावी, ती दर दहा वर्षांनी नवी करावी, आणि ज्या लोहाराचा माल संघाच्या कसोटीस उतरेल त्यासच तो शिक्का मारण्याची परवानगी द्यावी.

कोयत्याच्या आकाराविषयी एक सावधगिरी येथेच सांगतो. २००० च्या डिझाइन कायद्याखाली आकाराची नोंदणी करता येते. ती दहा वर्षे टिकते व आणखी पाच वर्षे वाढविता येते. परंतु अर्ज करण्यापूर्वी तो आकार छापून वा मांडून प्रसिद्ध केलेला नसावा, असा नियम आहे. म्हणूनच या अंकात चित्र दिलेले नाही. ही नोंदणी दिसणाऱ्या रूपापुरती असते, अवजाराच्या कार्यतत्त्वाला तिचे संरक्षण मिळत नाही, हेही ध्यानात असावे. संघास ती हवी की नको, हे मंडळाने ठरवावे. पण ठरविण्यापूर्वीच एखाद्या प्रदर्शनात कोयता टांगून ठेवला, तर ठरविण्यासारखे काही उरणार नाही.

नाव कोणते, याचे उत्तर आता देणे प्राप्त आहे. आमची पसंती 'खोडवा कोयता' या साध्या नावास आहे. ते फडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओरडून सांगता येते. ते ऐकून दुसऱ्या गावच्या लोहारास काय हवे ते कळते. त्यात काम केव्हाचे आणि कशासाठी, हे दोन्ही आहे. दहा वर्षांनी ते खोटे ठरणार नाही. आणि त्यापुढे क्रमांक लावता येतो, ही सोय मोठी आहे. पाते दांड्याशी बाकदार असल्यामुळे उजव्या हाताचा कोयता डावखुऱ्यास चालणार नाही. त्याचा निराळा नमुना करावा लागेल. लहान पंजाच्या हातास मूठ बारीक लागेल, उंच माणसास दांडा लांब लागेल. एक, दोन, तीन अशी मापे असली, म्हणजे ज्याचा हात त्याचा कोयता.

तथापि आमची पसंती हा निर्णय नव्हे, आणि केवळ सभासदांची बहुमती हाही निर्णय होऊ नये. सभासद हे जमिनीचे धनी आहेत. कोयता बहुधा दुसऱ्याच्या हातात असावयाचा आहे. म्हणून नोंदणीचा निर्णय होऊन तसा अर्ज गेल्यावर, येत्या हंगामात कोयत्याचे पहिले नग नावाशिवाय, केवळ क्रमांक ठोकून, निरनिराळ्या गावी द्यावेत. जे बुडखे छाटतील त्या स्त्रीपुरुषांना दोन प्रश्न विचारावेत : कोठे दुखते, आणि ह्याला तुम्ही काय म्हणता? पहिल्या प्रश्नाच्या उत्तराने कोयता सुधारेल, दुसऱ्याच्या उत्तराने नाव ठरेल. त्यांच्या तोंडी आपणांस सुचला नाही असा एखादा नेमका शब्द सहज आला, तर 'खोडवा कोयता' मागे घेण्यास आम्ही आनंदाने तयार आहोत. तसा शब्द न आला, तर आपले नाव आहेच.

साध्या नावाने माल खपत नाही, असा आक्षेप दुकानदार सभासदांकडून येईल. त्यास उत्तर एवढेच की, शेतकरी दुकानात एकदा नावाने फसतो, पण दुसऱ्यांदा येतो तो धारेसाठी. ज्या पात्याची धार दिवसभर टिकते त्याची कीर्ती बाजारच्या दिवशी आपोआप पसरते. ज्याची टिकत नाही, त्यास भपकेदार नाव दिल्याने केवळ एवढेच होते की, लोकांना शिव्या देताना ते चांगले लक्षात राहते.

वार्षिक सभा तोडीच्या हंगामापूर्वी भरत आहे. सभासदांनी वरील दोन्ही ठरावांचा, म्हणजे कोयत्याच्या नावाचा आणि मजुरांच्या नावांचा, आपापल्या गावी आधी विचार करून यावे. शक्य तर येताना आपल्या गावचा लोहारही बरोबर आणावा. ज्याच्या विद्येवर हे सर्व उभे आहे, त्याचे म्हणणे आजवर आपण ऐकलेले नाही.